वकिलीच्या प्रवेशाला सल्लागार करावा का?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)

१९८९ च्या दहावीच्या वर्गाला काय म्हणू? बसा रे शांत, वीस मिनिटांचा प्रश्न आहे.

विषय माझ्यावर सोडला होता. आधी वाटलं, शाळेच्या आठवणी सांगाव्यात. पण त्या सांगायला तुम्ही सगळे आहात आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगता. दुसरं म्हणजे, गेल्या दोन-तीन वर्षांत या वर्गातल्या सहा-सात जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला आहे. मुलाला किंवा मुलीला वकिलीला घालायचंय, एक सल्लागार आहे, प्रवेशाचं सगळं बघतो म्हणतो, एवढे एवढे मागतो, देऊ का? प्रत्येकाला मी अर्धवट उत्तर दिलं, कारण प्रत्येक वेळी मी अलिबागला कोर्टाच्या व्हरांड्यात होते आणि माझ्या केसचा पुकारा व्हायचा होता. ते उत्तर आज पूर्ण देते. त्यात माझी एक चूकही आहे. ती माझ्या भावाच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आता तुम्हालाही कळू दे.

आमच्या वेळची गोष्ट अगदी सोपी होती. मी अलिबागला बी.ए. केलं आणि मामाकडे राहून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात गेले. चर्चगेटजवळचं, १८५५ सालचं. खिडकीवर फॉर्म घेतला, गुणपत्रिका जोडली, काही दिवसांनी फळ्यावर यादी लागली, यादीत नाव होतं. संपलं. सल्लागार हा शब्द तेव्हा आम्ही फक्त पेपरात, सरकारच्या बातम्यांत वाचत होतो.

आता तसं नाही. २०१६ पासून राज्यातल्या विधी महाविद्यालयांचे प्रवेश सीईटीवर होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या. परीक्षा झाली की नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, पसंतीक्रम भरणं आणि मग एकामागून एक फेऱ्या. हे सगळं संगणकावर आणि ठरलेल्या तारखांना. तारीख गेली की गेली. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी वकिलीला निघालंय त्या घराला ही भिंत वाटते, आणि भिंतीपाशी शिडी विकणारा उभा असतोच.

आमच्या दादाकडे असाच एक आला होता, २०२४ च्या मे महिन्यात. दादाला तुम्ही ओळखता. वाडी आणि वाडीतल्या चार खोल्या, शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे. माझी भाची बारावी झाली होती, पाच वर्षांच्या सीईटीला बसणार होती. आलेला माणूस नीटनेटका, बोलायला गोड. मार्गदर्शनाचे पासष्ट हजार, आणि "रिस्क नको असेल तर" एका खाजगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातली जागा आत्ताच पक्की, त्याचे तीन लाख वेगळे. फी त्याहून निराळी. दादाने सुपारीच्या पैशातून पासष्ट हजार बाजूला काढूनही ठेवले होते. त्याने मला विचारलं, "देऊ ना?" आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "घरात वकील असताना वकिलीच्या प्रवेशाला पैसे? वेडा झालास का. मी बघते सगळं."

आता मी काय बघितलं ते ऐका.

भाचीला सीईटीत गुण चांगले पडले. फॉर्म आम्ही दोघींनी माझ्या ऑफिसात बसून भरला. जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्र होतं, नॉन-क्रिमिलेअरही होतं. ते नॉन-क्रिमिलेअर बघून मी ठीक आहे म्हटलं आणि पुढे गेले. त्यावरची मुदत मी वाचली नाही. ती ३१ मार्चला संपली होती. पंचवीसहून जास्त वर्षं मी दुसऱ्यांच्या दस्तांवरच्या तारखा वाचून पोट भरते आणि घरच्या मुलीच्या कागदावरची तारीख माझ्या नजरेतून निसटली. तपासणीत त्रुटी निघाली. नवीन प्रमाणपत्रासाठी सेतूत अर्ज केला, ते प्रांत कार्यालयातून सहीने येईपर्यंत दिवस गेले, आणि तोपर्यंत पहिल्या फेरीत ती खुल्या प्रवर्गात धरली गेली. मुंबईचं जे कॉलेज तिला राखीव प्रवर्गातून सहज मिळत होतं ते गेलं. पुढच्या फेरीत ठाणे जिल्ह्यातलं मिळालं. भाची काही बोलली नाही. वहिनीही बोलली नाही. आमच्याकडे बायका न बोलता कसं बोलतात हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे त्या माणसाला पासष्ट हजार दिले असते तर बरं झालं असतं का? मी स्वतःला हे खूपदा विचारलं. त्याने ती तारीख पाहिली असती कदाचित. पण तो पासष्ट हजार तारीख वाचायचे मागत नव्हता. त्याच्याकडे काही तरी गुपित आहे, असं दाखवून मागत होता. आणि गुपित काही नाही, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं.

पसंतीक्रमाचंच घ्या. सल्लागार लोक यालाच सगळ्यात मोठी कला म्हणतात. यंत्र काय करतं? गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतं आणि तुमच्या गुणांत बसणारं पहिलं कॉलेज तुम्हाला देतं. वरती अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं जात नाही. म्हणजे जे खरोखर हवंय ते वर, त्याच्या खाली त्यानंतरचं, आणि जिथे जायचंच नाही ते लिहायचंच नाही. झालं. कुठे साधारण किती गुणांना प्रवेश मिळाला हे मागच्या वर्षीच्या याद्यांवरून दिसतं, त्या सीईटी सेलच्याच संकेतस्थळावर असतात. एक वही घ्यायची, आठ-दहा कॉलेजं लिहायची, शेजारी मागच्या वर्षीचे आकडे, आणि तिसऱ्या रकान्यात राहायचं कुठे आणि जायचं कसं. हा तिसरा रकाना मुंबईच्या सल्लागाराला भरता येत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसात असतात आणि तेव्हा मांडव्याच्या लाँचेस बंद असतात हे त्याच्या गावी नसतं. पेण-पनवेलच्या रस्त्याने फोर्टात सकाळी साडेसातला कोण पोचणार?

आता ते तीन लाख. हे जरा सावकाश सांगते, कारण यात तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही माफी निम्मी होती. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही, खाजगी विद्यापीठांतही नाही. दादाने मे महिन्यात घाबरून ती "पक्की" जागा घेतली असती तर तीन लाख गेलेच असते, शिवाय पाच वर्षांची माफीही गेली असती. माझ्या चुकीने भाची मुंबईऐवजी ठाण्याकडे गेली, पण फेरीतून गेली म्हणून माफी राहिली. हे मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "चहा घेणार का?" म्हणजे थोडं निवळलं.

आणि ज्या पैशाची पावती मिळत नाही त्याला कायद्यात नाव आहे, कॅपिटेशन फी. महाराष्ट्रात १९८७ पासून तिला बंदी आहे, तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगाची शिक्षा आहे. खाजगी कॉलेजांच्या प्रवेशावर आणि शुल्कावर देखरेख ठेवायला २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली प्राधिकरणं आहेत. ठरलेल्या फीपेक्षा एक रुपया जास्त मागितला तर तक्रार करता येते. पण आपली माणसं तक्रार करत नाहीत, "मुलाचं वर्ष जाईल" म्हणून. एजंटाचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. आणखी एक: "कॉलेजला जायची गरज नाही, घरबसल्या एलएल.बी." असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. पत्राद्वारे केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. कॉलेज बार कौन्सिलच्या मान्यता यादीत आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघायचं.

इथे मागून कोणी तरी म्हणतंय, मग क्लासही लावायचा नाही का? तसं मी म्हटलं नाही. शिकवणारा वेगळा, सल्लागार वेगळा आणि एजंट वेगळा. आपण तिघांना एकाच पंगतीला बसवतो. राज्याच्या सीईटीला चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, पेपर मराठीतही असतो, आणि आपल्या शाळेतलं मूल सहा महिने नेमाने बसलं तर स्वतःच्या तयारीवर निघू शकतं. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी जी क्लॅट असते ती वेगळी. दोन तासांत १२० प्रश्न, सगळे इंग्रजीत, लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायची आणि चुकलं की पाव गुण वजा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांत प्रवेश याच परीक्षेने होतो. मराठी माध्यमातल्या मुलाला ती चार महिन्यांत जमवून देतो असं कोणी म्हणालं तर मला शंका येईल. त्याला अकरावीपासून रोज इंग्रजी वाचायला लागेल, आणि त्यात हात धरायला कोणी हवं असेल तर त्या शिकवणीचे पैसे जरूर द्या. फीचाही विचार करा, तिथे वर्षाला दोन लाखांच्या वर जाते. पैसे नसतील तर आयडीआयए ही संस्था आहे. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केली. साधनं नसलेल्या घरांतली हुशार मुलं शोधून ती त्यांना या परीक्षेसाठी तयार करते, तिचे पैसे पडत नाहीत. बशीर सर २०१९ मध्ये गेले, संस्था चालू आहे.

आणि सगळ्यांनी मुंबईलाच जायला हवं असंही नाही. अलिबागला अॅड. दत्ता पाटील यांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे. माझ्या बार रूममधल्या काही चांगल्या वकिलांनी तिथून पदवी घेतली आणि त्यांना एसटीच्या पासाशिवाय दुसरा खर्च फारसा पडला नाही. आपला तालुका म्हणजे चरीच्या संपाचा तालुका. १९३३ पासून वर्षानुवर्षं कुळांनी जमीन कसली नाही, उपाशी राहिले, आणि त्यातून कुळकायद्याची वाट निघाली. इथल्या प्रत्येक घरात सातबाऱ्यावरून एक तरी भांडण आहे. इथे चांगल्या वकिलाला काम कमी पडणार नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा सल्लागार. आपल्यातल्याच एकाचा मुलगा. तो इथे बसलाय, नाव घेत नाही, त्याने सांगायला परवानगी दिली आहे. मुलगा वकील झाला, तीन वर्षं कोर्टात घातली आणि त्याला इंग्लंडला एलएल.एम. करायचं होतं. तिकडे सीईटी नाही. तिकडे गुण बघतात, शिक्षकांची पत्रं बघतात आणि मुलाने स्वतःविषयी लिहिलेलं निवेदन बघतात. फेऱ्या नाहीत, याद्या नाहीत, त्यामुळे इथे सल्लागाराची गरज खरोखर जास्त वाटते. त्यांनी एक केला. त्याने मुलाला एक फॉर्म भरायला दिला आणि आठ दिवसांनी निवेदन तयार करून पाठवलं. बाप ते घेऊन माझ्याकडे आला, "इंग्रजी जड आहे, जरा वाच."

वाचलं. त्यात नागाव हे समुद्रकाठचं एक दुर्गम मच्छीमार खेडं होतं, जिथे कायद्याचा प्रकाश अजून पोचलेला नाही. मुलगा कंदिलाच्या उजेडात शिकला होता. मी त्याच्या बापाकडे बघितलं. म्हटलं, "अरे, तुझ्याकडे चार खोल्यांना एसी आहे." तो म्हणाला, "असंच लिहावं लागतं म्हणे, तिकडे आवडतं."

मला तेव्हा आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून सांगते. "माझे गाव" या निबंधात आम्ही सगळ्यांनी पहिल्या ओळीत "निसर्गरम्य" लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांच्या वह्यांत तो शब्द लाल शाईने खोडला होता. म्हणालात, "गावात काय आहे ते लिहा. रम्य आहे का ते मी ठरवीन."

मी मुलाला बोलावलं आणि म्हटलं, मराठीत लिही. तू वकिलीत काय पाहिलंस तेवढंच. त्याने दोन पानं लिहिली. वाड्या विकल्या जातात, मुंबईचा मालक येतो, कंपाउंड घालतो आणि मागच्या वाडीवाल्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद होते. अशा वहिवाटीच्या चार केसेस त्याने माझ्यासमोरच चालवल्या होत्या. नकाशात वाट नाही, दस्तात नाही, आणि म्हातारे साक्षीदार एकेक करून जातायत. अशा हक्काची नोंद दुसऱ्या देशांत कशी ठेवतात हे त्याला शिकायचं होतं. हे त्या सल्लागाराच्या फॉर्ममध्ये कुठे विचारलंच नव्हतं. मग इंग्रजी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना तासाच्या हिशोबाने पैसे देऊन त्याने ते इंग्रजीत नीट करून घेतलं. वाक्य त्यांनी सुधारलं, मजकूर त्याचा राहिला. तीन ठिकाणी अर्ज, दोन नकार, एक होकार. तीन नकार आले असते तरी मी हेच सांगितलं असतं, कारण मुलाखतीत कोणी कंदिलाबद्दल विचारलं असतं तर तो काय सांगणार होता?

परदेशाच्या बाबतीत दोन प्रश्न मात्र तोंडावर विचारा. पहिला: तुम्हाला विद्यापीठाकडून काही मिळतं का? बरेच परदेशी शिक्षणाचे सल्लागार विद्यापीठांकडून कमिशन घेतात, म्हणून तर काहींचा सल्ला "फुकट" असतो. मग ज्यांच्याशी त्यांचा करार आहे तीच नावं ते पुढे करतात. वाईट विद्यापीठंच असतात असं नाही, पण निवड तुमची राहत नाही. दुसरा: शिष्यवृत्तीचं काय? चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, ती एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च उचलते. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे. ज्यात कमिशन नाही ते सल्लागाराला आठवत नाही, असं मला दिसलं आहे.

आपली एक मैत्रीण न्यू जर्सीहून आज ऑनलाइन ऐकते आहे. तिच्या मुलीला तिकडे लॉ स्कूलला जायचंय. तिकडे तासाला डॉलर घेणारे सल्लागार सर्रास आहेत आणि तिच्या शेजारपाजारी सगळ्यांनी केलाय, म्हणून तिची घालमेल. तिला मी सांगितलं, अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी आकडे जाहीर करावे लागतात. आत आलेल्या मुलांचे एलसॅटचे आणि पदवीचे गुण, फी, शिष्यवृत्ती किती जणांना, सगळं. ते आधी मुलीसोबत बसून वाच. त्यानंतरही तिला कोणाशी बोलावंसं वाटलं तर दोन तासांचे पैसे दे, वर्षाचं पॅकेज नको. ती म्हणाली, "तू अजून तशीच कंजूस आहेस." असेन.

तर पैसे कधी द्यावेत, याचं माझं उत्तर आता असं आहे. काम मोजता येत असेल तर द्या. कागद तपासायचे, फॉर्म भरून द्यायचा, इंग्रजी सुधारायचं, क्लॅटचा उतारा वाचायला शिकवायचं, याचे तास मोजता येतात, पावती मिळते. घरात कोणाला संगणक येत नसेल, आई-बाप दिवसभर वाडीत किंवा बाजारात असतील, तर फॉर्म भरून देणाऱ्याला दोन-चार हजार देण्यात कमीपणा काही नाही. माझ्यासारखा फुकटचा अभिमान धरून मुलीची पहिली फेरी घालवण्यापेक्षा ते परवडलं. पण जागा देतो, ओळख आहे, आतून करतो, असं जो म्हणतो त्याला पाणी द्या आणि निरोप द्या.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. दर सुट्टीत येते तेव्हा माझ्या ऑफिसात बसते, आणि आल्या आल्या टेबलावरचा एखादा दस्त उचलून म्हणते, "आत्या, तारीख बघितलीस का?"

मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. येत्या एप्रिलपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, सकाळी दहा ते एक मी शाळेच्या वाचनालयात बसणार आहे. बाईंनीही यायचं कबूल केलंय, लाल पेनासकट. मुलांना घेऊन या. जातीचा दाखला, वैधता, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स. नॉन-क्रिमिलेअर मात्र घरून निघायच्या आधी एकदा उलगडून बघा, मुदत कधीपर्यंत आहे ते.